लिंबाची झोप

"हलू नकोस," एक्स-रे काकांनी कुंडीतल्या लिंबाच्या झाडाला बजावलं आणि दिवा फूटपट्टीनं मोजून बरोबर एक फुटावर आवळला. सदतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढताना माणसांना हेच सांगत आलेले. सवय कुठली जायला!

दारातून शेजारीणबाई डोकावल्या. "काका, घरात नाटक बसवताय की काय? जिन्यापर्यंत जांभळा उजेड येतोय."

"हसा, खुशाल हसा. पण ही घरी येईपर्यंत झाड जगलं पाहिजे. तेवढं एकच काम टाकलंय तिनं माझ्यावर."

ही म्हणजे काकू. दोघांना या घरात येऊन सहा महिने झाले होते. ऊन नावालाही नव्हतं. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. काकूंनी बीपासून वाढवलेलं लिंबू इथे आल्यापासून रुसून बसलं, आणि त्यात काकूंनाच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळात नेताना बाईनं स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. "लिंबाकडे बघा," एवढंच कसंबसं म्हणाली.

म्हणून काकांनी झाडांसाठी मिळतो तो दिवा आणला. एक्स-रेच्या खोलीत कुणी क्षणभर जास्त बटण दाबलं तर हा माणूस अंगावर धावून जायचा. इथे मात्र माया आडवी आली. बिचाऱ्याला सहा महिने ऊन नाही, आता पोटभर मिळू दे, म्हणून त्यांनी दिवा चोवीस तास चालू ठेवला.

दहाव्या दिवशी पानं पिवळी पडून गळू लागली. काका हवालदिल झाले. त्यांनी दिवा आणखी जवळ घेतला, तशी आणखी गळाली.

त्या दुपारी भेटायला गेले, तर काकू वैतागलेल्या. जीभ जड, शब्द सावकाश.

"रात्रभर... दिवा डोक्यावर. डोळ्याला डोळा नाही. बंद करा म्हटलं, तर म्हणतात, तुमच्या भल्यासाठीच आहे."

काकांना घरचा दिवा आठवला. त्यांनी नर्सबाईंची मनधरणी केली, रात्री तो दिवा बंद करायचं कबूल करून घेतलं आणि तडक घरी येऊन आपलाही बंद केला. "माझं चुकलं रे बाबा," ते झाडाला म्हणाले. त्यानंतर संध्याकाळी सात वाजले की लिंबाची झोपायची वेळ.

तीन आठवड्यांनी काकू चाकाच्या खुर्चीतून घरी आल्या, त्या थेट झाडासमोर. निम्म्या फांद्यांच्या काड्या झालेल्या, उरलेल्यांवर नखाएवढी पालवी.

"सांभाळायला दिलंस, आणि मी निम्मं घालवलं गं," काका खाली बघत म्हणाले.

काकूंनी डाव्या हाताचं बोट पालवीवरून फिरवलं. "निम्मं आहे ना? मी पण निम्मीच आलेय. मला घेतलंत ना घरात?"

काका रडले. लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

सात वाजले. काकूंनी दिवा बंद करायला डावा हात लांबवला. बटण उजवीकडे होतं. हात काही पोचेना. त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं.

'राहू दे, मी करतो' हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. आतून स्क्रूड्रायव्हर आणला, जमिनीवर फतकल मारली आणि बटण काढून डावीकडे बसवायला घेतलं.

काकू हात मांडीवर ठेवून वाट बघत बसल्या.