शाळेची ज्वारी

“दूध आहे अजून,” बबनराव म्हणाले आणि नखाने चिरडलेला दाणा त्यांनी बायकोपुढे धरला.

देवकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या तुरीच्या शेंगा तोडत होत्या. “आहे तं आहे. रोज उठून त्या कणसाची नाडी पाह्यता. माहे गुडघे दुखून राह्यले, ते पाह्यले का कधी?”

“शुक्रवारी पोट्टे येऊन राह्यले. तोवर टिकलं पाह्यजे.”

“टिकते. तुमची शाळा ज्वारीलेबी माहीत झाली आता.”

बबनरावांच्या वावरात कपाशी होती, तूर होती आणि विहिरीच्या बाजूला ज्वारीचा एक लहानसा तुकडा होता. गावात ज्वारी पेरणं केव्हाच बंद झालं होतं. रानडुकरं पाडतात, पाखरं खातात, आणि एकट्याच्याच शेतात ज्वारी असली म्हणजे पंचक्रोशीतल्या पाखरांना आवतण दिल्यासारखंच. अल्लीपूरच्या बाजारात ज्वारी विकत मिळते, हे साऱ्या गावाला समजलं होतं. फक्त यांनाच समजत नव्हतं, असं गाव म्हणायचं.

पण ही ज्वारी घरची नव्हती, शाळेची होती. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला रांगेनं चालत या शेतात यायची. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, गोणपाटावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम हुरडा तिळाच्या चटणीशी खायचा. कागदोपत्री याला क्षेत्रभेट म्हणतात. सुरुवात केली ती जुन्या प्रेमदास गुरुजींनी. पहिल्याच वर्षी त्यांनी बबनरावांना मुलांपुढे उभं केलं आणि सांगितलं, “आजच्या दिवस हे तुमचे गुरुजी. काय विचारायचं ते यांना विचारा.”

बबनरावांची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती, आणि तीही ज्वारीच्याच पायी. वडिलांनी हातात गोफण दिली आणि मचाणावर बसवलं. पाखरं हाकलता हाकलता गावातून शाळेची घंटा ऐकू यायची. वडिलांवर रागावण्याची सोय नव्हती, म्हणून पोरगं पाखरांवर रागवायचं. आता त्याच ज्वारीसाठी शाळा त्यांच्या शेतात येत होती. वर्षातला तो एक दिवस बबनराव धुतलेला सदरा घालत, टोपी घालत आणि सकाळपासून कुणाशी धड बोलत नसत. घरात लग्न निघाल्यासारखी त्यांची धांदल चाले.

यंदाचं हे शेवटचं वर्ष होतं. दिवाळीला पुण्याहून मुलगा आला, तेव्हाच ते ठरलं. आदेश पुण्याला कंपनीत होता. “बाबा, तुमच्यानं आता होत नाई अन् माह्यानं येणं होत नाई,” तो म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. गुढीपाडव्यापासून वावर ठेक्यानं कैलासकडे जाणार होतं. कैलास शेजारचाच, मेहनती माणूस. पण तो सगळीकडे सोयाबीन लावणार होता आणि ज्वारीच्या भानगडीत आपण पडणार नाही, हे त्यानं हसत हसत सांगूनही टाकलं होतं. बबनरावांनी यातलं शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा पोरांना शेवटचा पोटभर हुरडा खाऊ घालायचा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि बुधवारी शाळेच्या नव्या मोहिनी मॅडम आल्या. त्या वर्ध्याहून रोज ये-जा करायच्या. स्कूटी रस्त्यावर लावून, ओढणी काट्यांतून सोडवत धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून चालत आल्या.

“काका, थोडी अडचण झाली. केंद्रातल्या शाळांच्या क्रीडा स्पर्धा नेमक्या शुक्रवारीच आल्या. आपण पुढच्या शुक्रवारी येऊ. चालेल ना?”

हुरड्याला आठवडा म्हणजे म्हातारपण. आज दाबला तर दूध देणारा दाणा तोवर दाताखाली खडा होतो. हे सांगायला बबनरावांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “चालते नं, मॅडम. काऊन नाई चालणार?”

मॅडम गेल्या तशा देवकाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “सांगाले काय झालतं तुम्हाले?”

“मॅडमले नाई कसं म्हणू?”

“अवो, आपल्या आदेशपेक्षा लहान आहे थे पोरगी!”

“लहान असंल. पण मॅडम आहे.”

शाळा अर्ध्यात सुटलेला माणूस साऱ्या गावाशी भांडेल, पण शिक्षकापुढे त्याची मान आपोआप हलते.

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी विहिरीवरची मोटार सुरू केली आणि ज्वारीला पाणी सोडलं. दाणा भरलेल्या ज्वारीला पाणी देत नाहीत, हे त्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. कणीस जड, खाली जमीन ओली, त्यात वारा आला की पीक लोळलंच. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर बबनरावांनीच त्याला चारचौघांत वेड्यात काढलं असतं. पण पाणी मिळालं की पीक हिरवं राहतं आणि दाणा जरा उशिरा वाळतो, हेही खरं होतं. ती ज्वारी त्यांना फक्त पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबवून धरायची होती.

“काय करून राह्यले?” देवकाबाई धुऱ्यावरून ओरडल्या.

“थोडंसंच देतो.”

“लोळंल थे!”

“वारा कुठं आहे?”

वारा मंगळवारी आला. आभाळ भरून आलं, पण पाऊस पडला नाही. नुसता वाराच दुपारभर पिसाळल्यासारखा वाहत राहिला. बुधवारी सकाळी बबनराव शेतात गेले तर ज्वारीची एकही ओळ उभी नव्हती. डोक्यावरून जाणारे धांडे चिखलात एकमेकांवर पडले होते आणि त्यांच्यावर पाखरं बसली होती. बबनरावांनी पाखरं हाकललीसुद्धा नाहीत. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

“मॅडमले फोन लाव,” घरी येऊन ते म्हणाले. “सांग, माही तब्येत बरी नाई. येऊ नोका म्हणावं.”

“मी नाई सांगत खोटं. सांगाचं असंल तं तुम्ही खरं सांगा.”

बबनरावांनी फोन हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खिशात टाकला. गुरुवारीही तेच केलं. शुक्रवारी मुलं आली.

गाडीवाटेनं शिट्टी वाजली, मग रांग दिसली. ज्याच्या त्याच्या हातात ताटली आणि पाण्याची बाटली. बबनराव धुतलेला सदरा घालून धुऱ्यावर उभे होते. मोहिनी मॅडम जवळ आल्या आणि थबकल्या.

“अरे देवा! काका, हे काय झालं? डुकरं शिरली का?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. डुकरांवर काहीही खपतं. बबनरावांनी टोपी काढून हातात घेतली.

“नाई, मॅडम. माही चूक आहे. आता पाणी द्याचं नव्हतं, म्या देलं.”

“मंग काऊन देलं?” रांगेतून आवाज आला. तिसरीतली जागृती होती. चूक कबूल करणारे गुरुजी तिनं आजवर पाहिले नसावेत.

“तुम्ही उशिरा येणार होते नं. म्हटलं, ज्वारीले थांबवून ठेवू.”

“मंग थांबली का?”

“थांबली नाई, बाई. झोपली.”

मुलं खदाखदा हसली. मॅडम हसल्या नाहीत. “काका, मला सांगायचं ना त्या दिवशी,” त्या हळूच म्हणाल्या. “मला खरंच कळलं नाही.” बबनरावांनी नुसतीच मान हलवली, कारण त्यात मॅडमची काही चूक आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

दरवर्षी ज्वारी उभी असायची, मुलांच्या हातांच्या कितीतरी वर. बबनराव विळ्यानं कणसं कापायचे आणि मुलं माना वर करून बघत राहायची. यंदा कणसं पायाशी होती. जागृती उकिडवी बसली, तिनं एक कणीस दोन्ही हातांत धरलं आणि ओरडली, “मॅडम, हात पुरला!”

मग रांग कसली आणि शिट्टी कसली! सगळी गुडघ्यांवर आली, धांडे बाजूला सारू लागली. बबनराव आधी धुऱ्यावरूनच सांगत होते, मग सदऱ्याची पर्वा न करता तेही चिखलात बसले. “नखानं दाबून पाहा. दूध निंघालं तं टोपल्यात टाक, टणक लागलं तं राहू दे.” बरीचशी कणसं कडक झाली होती. पण बुडाशी उशिरा फुटलेली काही बारकी कणसं पाण्यामुळे हिरवी राहिली होती, आणि तेवढी मुलांनी शोधून काढली. शोधताना भांडणंही झाली.

हुरडा काही पोटभर झाला नाही. मूठ मूठ वाट्याला आला. देवकाबाईंनी भाकरी आणि बोरं आणली होती, त्यावर निभावलं. मॅडमनी पहिल्यांदाच कणीस चोळलं, हात भाजून घेतला आणि मुलं त्यांना शिकवायला पुढे सरसावली. बबनराव आराजवळ बसून एकेकाला उत्तरं देत होते. पाखरं झोपतात कुठं, धांडा गोड का लागतो, दाण्यात दूध येतं कुठून. त्यातलं शेवटचं त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तसं त्यांनी सांगितलं.

उन्हं कलली तशी मॅडमनी मुलांना पुन्हा रांगेत उभं केलं. जागृती तेवढी परत आली. तोंडाभोवती काळं लागलं होतं.

“आजोबा, पुढच्या वर्षीबी अशीच आडवी पेरजा. उभी नोका पेरू.”

सगळी हसली. ताटल्या गोळा करणाऱ्या देवकाबाईंचा हात थांबला आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बबनरावांना हो म्हणावंसं फार वाटलं. पोरगी खूश होऊन गेली असती, पुढचं पुढे.

“पुढच्या वर्षी मी नाई पेरणार, बाई,” ते म्हणाले. “वावर ठेक्यानं देलं. सोयाबीन राहीन इथं.”

“मंग आम्ही कुठं येऊ?”

बबनराव उभेच राहिले. टोपी पुन्हा हातात, मान खाली, वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे. जागृती वाट पाहत होती. मॅडमनी तिचा हात धरला आणि तिला रांगेत नेलं.

रांग गाडीवाटेला लागली. कुणीतरी पाढे म्हणायला सुरुवात केली, बाकीच्यांनी ते उचलले आणि नाल्याच्या वळणापर्यंत ते ऐकू येत राहिले. मग तेही थांबले. बबनराव अजून तसेच उभे होते.

“बसा नं आता,” देवकाबाई म्हणाल्या.