ठिपके गेले

शहादेवआबांना एखादा उपाय लागू पडला की गप्प बसवत नसे. शिरूर कासारजवळच्या त्या माळावर शेततळ्यात मासे पाळायचं खूळ त्यांनीच आणलं. त्यांच्या शब्दावर यंदा आणखी तीन घरांनी ऊसतोडीला जायचं सोडलं आणि तळी भरली. चार घरांचं अख्खं वर्ष त्या पाण्यात होतं.

ऐन थंडीत आबांच्या रोहूंवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले. त्यांची लेक पंचशीला गावातल्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. तिनं एका माशाचं अंग हलकेच खरवडलं, तो चिकटा काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

एकच पेशी. वाटोळी, करडी, साऱ्या अंगावर बारीक केसांची लव आणि पोटात घोड्याच्या नालासारखं वाकलेलं केंद्रक. जात्यासारखी ती जागच्या जागी सावकाश फिरत होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. इतकी वर्षं पोरांना असले जीव दाखवूनही पंचशीलाला भीती वाटली. इतकं सुबक आणि इतकं निवांत तिनं काही पाहिलं नव्हतं.

तिनं पुस्तक काढलं. हा जीव माशाच्या कातडीखाली पोट भरतो. मग गळून तळाशी जातो, स्वतःभोवती पिशवी करतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार करत हजारापर्यंत जातो. पिशवी फुटली की टोकदार तोंडाच्या पेशी नवा मासा शोधत सुटतात. औषध लागू पडतं ते या पेशी पाण्यात मोकळ्या असतात तेवढ्याच वेळात.

बीडहून औषध मिळवण्यात तीन दिवस गेले, आणि मिळालं तेही एका तळ्यापुरतं. चौथ्या दिवशी सकाळी ती बांधावर आली तर आबा हसत उभे.

"पंचे, ठिपके गेले बघ. हळद-मिठाच्या टपात रोज बुडवले मासे. आता एक ठिपका न्हाई."

तिला पुस्तकातलं आठवलं. ठिपके जातात तेव्हा रोग जात नाही, तो खाली उतरतो.

"आबा, टपातलं पाणी काय केलं?"

"वाटलं की. गुणाचं पाणी एकट्यानं ठेवू न्हाई, माझी माय सांगायची. परवा ठिपके कमी झाले तसं तिन्ही तळ्यांना दिलं. धोंडीरामाला घागर दिली, बद्रीनाथला दिली, मनकर्णाबाईला दिली. त्यांच्या माशाला लागायच्या आधीच तळ्यात टाका म्हणलं."

"गाळासकट?"

"गाळातच तर हळद बसती."

टपाच्या बुडाशी बोटभर गाळ उरला होता. तो बाटलीत भरून ती तशीच कॉलेजात गेली. काचेवर थेंब टाकला आणि बराच वेळ शोधत राहिली. शेवटी सापडली एक पिशवी. एका बाजूनं फाटलेली, आत काहीच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. धोंडीराम होता.

"बाई, आबांना सांगा, पाणी लई गुणाचं हाय. आमच्या एका माशावर ठिपका न्हाई."

पंचशीलानं डोळे मिटले. आबांना हे आज कळणार होतं आणि तिनंच सांगायचं होतं.

"अजून न्हाई, काका," ती म्हणाली. "तुमी घरीच थांबा. मी आबांना घेऊन येते."