चष्म्याच्या दुकानातली मुकी बाई

मैना हे लाडाचं नाव पडलं ते ती बोलेल की नाही हे कळायच्या आधीच. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तेव्हापासून तिचे ओठ, जीभ आणि श्वास यांचं एकमत म्हणून होत नसे. शब्द जुळवायला वेळ लागे, पण जुळलेला शब्द नेमका असे. अडचण एवढीच, की तो बाहेर येईपर्यंत आईने उत्तर देऊन टाकलेलं असे.

आई बसस्थानकावर उद्घोषणा करायची. कुठली गाडी कुठे लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाचं पाकीट सापडलंय, हे दिवसभर सांगायचं. ध्वनिक्षेपक बंद झाला तरी सांगणं थांबत नसे. कुठे शांतता पसरली, की कुणीतरी आपलं काम चुकवतंय असं तिला अगदी मनापासून वाटे.

स्पीच थेरपीच्या मॅडम टेबलावर खोटं खोटं दुकान मांडायच्या. रिकामे डबे, साबणाची खोकी, कंगवे. मॅडम दुकानदार, मैना गिऱ्हाईक.

"या ताई, काय देऊ?"

मैनाने श्वास घेतला, ओठ जुळवायला घेतले.

"साबण हवाय तिला," मागच्या खुर्चीवरून आई म्हणाली.

"मी तिला विचारलं."

"हो, मग तिलाच हवाय ना!"

असं दोन-चारदा झाल्यावर मॅडमनी आईसाठी पाण्याचा पेला भरून आणला. "एक घोट घ्या, पण गिळू नका. तिचं बोलणं संपेपर्यंत तोंडातच धरा."

"उपचार तिच्यावर चाललेत की माझ्यावर?"

"घोट घ्या," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी मैनाने साबण घेतला, कंगवा घेतला, आणि कंगव्याचा रंग आवडला नाही म्हणून बदलूनही मागितला. आई गाल फुगवून बघत राहिली. मॅडमनी घरचा अभ्यास दिला: आता खऱ्या दुकानात हेच.

मैनाला नवा चष्मा हवाच होता. दुकानाच्या दारात आईने बाटलीतून घोट घेतला आणि दोघी आत शिरल्या.

चष्मेवाल्याने मैनाची वेडीवाकडी चाल पाहिली आणि सवयीने तिच्या डोक्यावरून आईकडे बघत विचारलं, "काय दाखवू?"

आईने मैनाकडे बोट केलं.

"नंबर काढलाय का हिचा?"

आईने पुन्हा बोट केलं. चष्मेवाल्याने तिच्या फुगलेल्या गालांकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम कनवाळू झाला. तो मैनाकडे वळला.

"आईला बोलता येत नाही का गं?"

मैनाने श्वास घेतला. या वेळी मधे पडणारं कुणी नव्हतं. "नाही... येत," ती म्हणाली.

आईने दचकून पाणी गिळलं. आता तोंड मोकळं होतं, पण बोलायची सोय राहिली नव्हती. बोलावं तर चारचौघांत पोरगी खोटी पडणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते तिला काउंटरपुढच्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

"अरेरे! जन्मापासून?"

"आज... पासून."

"आजारातून झालं असेल," चष्मेवाल्याने स्वतःच निदान केलं. मग आईकडे वाकून तो ओरडला, "ताई, पाणी हवंय का, पाणी?"

आईने जोरजोरात मान हलवली.

"समजतं त्यांना?" त्याने मैनाला हळूच विचारलं.

"थोडं... थोडं."

विचारायला दुसरं कुणीच नसल्यामुळे तो मैनालाच विचारत राहिला, आणि उत्तर येईपर्यंत काउंटरवर कोपर टेकून थांबत राहिला. काच कशी हवी, नाकावर टोचतं का, गोल की चौकोनी. मैनाने चार फ्रेमी नाकारल्या. मग भडक निळी उचलली. आईच्या मनात साधी तपकिरी होती. तिने भुवया उंचावल्या, डोळे मोठे केले, घसा खाकरला.

"त्यांना काही होतंय का?" चष्मेवाला घाबरला.

"आवडली... तिला," मैना म्हणाली.

निघताना तो दारापर्यंत आला. "गुणी आहेस हो, आईला किती छान सांभाळतेस. पलीकडच्या गल्लीत एक मॅडम आहेत, त्या बोलायला शिकवतात म्हणे. एकदा दाखव आईला."

गल्लीचं वळण येईपर्यंत आईने दम धरला आणि मग तिचा बांध फुटला. "माझ्या देखत? मला समजतं थोडं थोडं? आणि तो कसा ओरडत होता माझ्या कानात, मी काय बहिरी आहे?"

मैनाला हसू आवरेना. हसताना तिचा तोल जाई, म्हणून आईने तिला धरलं, आणि धरता धरता तीही हसू लागली. थोडं चालून गेल्यावर आईने विचारलं, "तुला रोजच असं होतं का गं?"

मैना उत्तर जुळवू लागली. आई थांबली. कशीबशी, पण थांबली.

"रोज नाही," मैना म्हणाली. "तू... नसलीस की... नाही."

हे ऐकून आई सुधारली, असं म्हणणं धाडसाचं होईल. दोघींनी घरात पाऊल टाकताच मैनाच्या बाबांनी "निळाच का?" असं विचारलं, आणि मैनाच्या वतीने तीन कारणं आईनेच सांगितली. तिन्ही चुकीची होती.

पुढे वर्षभरात आईलाच जवळचं दिसेनासं झालं. उद्घोषणेचे कागद हात लांब करून वाचावे लागू लागले. दुसऱ्या दुकानात जाऊ म्हणाली, पण मैना ऐकेना. तिची तिथे ओळख झाली होती.

चष्मेवाल्याने आईला स्टुलावर बसवलं. "अजून फरक नाही ना?" त्याने हळहळून विचारलं.

"थोडा... आहे," मैना म्हणाली.

मग त्याने फ्रेमी मांडल्या आणि मैनालाच विचारलं, "आईला कुठली आवडेल?"

मैनाने सावकाश, एकेक करून सगळ्या पाहिल्या आणि जांभळी निवडली. आईने ब्र काढला नाही. आता ती बसस्थानकावर तोच चष्मा लावते आणि कुणी विचारलं, की म्हणते, माझीच आवड.