चार बोटं कापड

धाकट्या दिराने वेगळी चूल मांडली, त्या वर्षाची गोष्ट. घरातला एक पगार गेला आणि म्हातारे सासरे तेवढे वाट्याला आले. त्याच वर्षी पोरगी खाजगी शाळेत पहिलीत बसली होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिला वर्गाबाहेर काढलं म्हणून आई शाळेच्या ऑफिसात उभी होती.

कारकून बाईंनी पोरीच्या फ्रॉकची खालची कड उलटी केली.

“हा आपल्या दुकानातला नाही.”

“लेबल बघा की.”

“लेबल आपलंच आहे. पण आपल्या फ्रॉकला खाली बोटभर दुमड असते. इथे चार बोटं कापड आहे. एवढं कोण देतं?”

शाळेचा नियम होता, गणवेश शाळेच्याच दुकानातून घ्यायचा. दोन फ्रॉकचे सहा हजार. तेच कापड बाजारात बाराशेला मिळत होतं. ती स्वतः घरी शिवणकाम करायची आणि सासरे तर जन्माचे शिंपी. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डब्यात साठवलेले पैसे शाळेपायी दोनदा मोडले होते. तिसऱ्यांदा हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. म्हणून शेजारणीच्या मोठ्या मुलीचे याच शाळेतले, पहिलीतले दोन जुने फ्रॉक मागून आणले, उसवले, त्यांच्यावरून बाजारातलं कापड तंतोतंत कापलं आणि लेबलंसुद्धा काढून लावली. मशीन तिने मारली. खालची कड हाताने घालायचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं. “माझ्या बोटांना दिसतं,” म्हणाले. जादा कापड छाटा आणि बोटभरच दुमडा, असं तिने दहादा बजावलं होतं. घाईत तिनेही उलटून पाहिलं नाही.

“म्हणजे चांगलं शिवलं म्हणून पकडलंत?” ती म्हणाली.

“नियम आहे, ताई.”

“पोरगी वर्षभरात वाढायची नाही का?”

“वाढली की नवा घ्यायचा. बाकीचे घेतात ना?”

“तुमच्या पोरांना घेता का हो दर वर्षी?”

कारकून बाईंनी रजिस्टर मिटलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “माझी दोन्ही सरकारी शाळेत आहेत. या पगारात इथे कुठून घालू? उद्या दुकानाची पावती आणा, नाहीतर मला हिला फाटकातच अडवावं लागेल.”

पोरगी सगळा वेळ फ्रॉकची कड मुठीत धरून उभी होती. आईने तिला हाताला धरून घरी आणलं.

सासरे खिडकीशी बसले होते. तिने पोरीच्या अंगातला फ्रॉक काढून त्यांच्या मांडीवर आपटला.

“किती वेळा सांगितलं होतं, बाबा? बोटभर! एकच बोट!”

त्यांनी कड चाचपली. “एवढंच ना? आण कात्री, आत्ता छाटून देतो.”

“आता कशाला? वरातीमागून घोडं! पोरीला वर्गाबाहेर उभं केलं माझ्या. डोळे फुटले होते का तुमचे?”

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. सासरे मात्र हसले.

“फुटले नाहीत अजून. पिकलेत.”

ती हसली नाही. म्हातारा फ्रॉकवरून हात फिरवत राहिला.

“तू सांगितलेलं ध्यानात होतं, सूनबाई. कात्रीही घेतली होती हातात. पण पन्नास वर्षं लोकांची पोरं सजवली. कापड न ठेवता शिवायचं म्हणजे हे पोर वाढू नये, असं म्हणायचं. हात धजला नाही.”

“तुमचा हात धजला नाही आणि आता डबा रिकामा होणार. कळतंय का?”

“कळतंय. दुकानात जाऊन ये. बंद व्हायच्या आत जा.”

नवरा कामावरून यायच्या आधीच ती दुकानात जाऊन आली. सहा हजारांच्या जोडीतल्या एका फ्रॉकची शिवण तिने तिथेच नखाने ओढून पाहिली, तर दोरा सुटून हातात आला. “बाई, घेण्याआधी खराब करू नका,” दुकानदार म्हणाला. तिने दात आवळून पावती मागितली. तिला शाळेचा राग होता, दुकानदाराचा होता, वेगळ्या झालेल्या दिराचा होता. पण ओरडता आलं होतं ते फक्त म्हाताऱ्यावर, आणि त्याबद्दलचा स्वतःवरचा राग सगळ्यांत जास्त जाळत होता.

डबा पुन्हा भरायला घेतला. सहा महिन्यांत निम्माही झाला नाही. मध्ये सहलीचे पैसे आले, स्नेहसंमेलनाचे आले. सासऱ्यांनी एकदाही डोळ्यांचं विचारलं नाही.

पुढे पोरगी चार दिवस शाळेत गेली नाही, तेव्हा शाळेने छापील अर्ज पाठवला. गैरहजेरीचे कारण पालकांनी स्पष्ट लिहावे, असं त्यात होतं. नवरा म्हणाला, “तब्येत बरी नव्हती असं लिही, विषय संपव.”

तिने पेन त्याच्या हातून घेतलं. रकाना दोन ओळींचा होता. तिने लिहिलं:

‘मुलीचे आजोबा मंगळवारी दुपारी वारले. त्यांना जिन्याची पायरी दिसली नाही.’