क्षमेचा गृहपाठ

धर्मशिक्षणाचा वर्ग प्लंबरच्या गळ्यात पडला तो एका नळापायी. चर्चमागच्या खोलीतला नळ दुरुस्त करायला गेला आणि हात धुऊन बाहेर पडेपर्यंत फादरनी त्याला कन्फर्मेशनच्या, म्हणजे बिशपांसमोर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीला बसणारी मुलं सोपवली होती. "नुसतं पाठ करून घेऊ नका," फादर म्हणाले, "रोजच्या जगण्यात उतरलं पाहिजे."

प्लंबरने गृहपाठ दिला: ज्याने तुमचं वाईट केलंय, त्याला या आठवड्यात मनापासून क्षमा करा.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्साची उपासना संपल्यावर वर्ग आला तो लढाईवरून परतल्यासारखा. ढोल्याच्या कपाळावर टेंगूळ, चिमणीच्या वेणीत च्युइंगम. वाद घालघालून वर्गाचा वकील झालेल्या पोराचा चष्मा दोऱ्याने बांधलेला.

"हे काय रे?"

"गृहपाठ, सर," वकील म्हणाला. "अर्धा आठवडा वाट बघितली. कुणी आमचं काही वाईट करेचना. मग आपापसात वाटून घेतलं. मी ढोल्याला ढकललं, ढोल्याने हिच्या वेणीत च्युइंगम लावलं..."

"आणि मी याच्या चष्म्यावर बसले," चिमणी म्हणाली. "आधी विचारून."

"ठरवून खाल्लेल्या माराला क्षमा? ही कसली क्षमा!" प्लंबर ओरडला.

"टेंगूळ खरं आहे, सर," ढोल्या म्हणाला.

मागच्या बाकावर प्लंबरची भाची हाताची घडी घालून बसली होती. वर्गात ती त्याला सर म्हणायची. आज म्हणाली, "मामा, तू कुणाला क्षमा केलीस?"

वर्ग सावरून बसला. कारण सगळ्यांना माहीत होतं. भाचीचे वडील इलेक्ट्रिशियन. त्यांनी स्वयंपाकघरातलं सिंक स्वतःच बसवलं, ते गळायला लागलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "आमच्या मेहुण्याचं काम!" तेव्हापासून प्लंबरने बहिणीच्या घरची पायरी चढली नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलवायला नको म्हणून घरचं वायरिंगही त्याने स्वतःच केलं. आता त्याच्याकडे बेल दाबली की पंखा फिरायचा. पाहुणे आले की घरात वारा सुटायचा.

"पुढच्या रविवारी कन्फर्मेशनला बिशप येतायत," भाची म्हणाली. "धर्मपिता म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून तू उभा राहणार, आणि पप्पा समोर बसून छत बघणार. त्यापेक्षा मी दुसरं कुणीतरी बघते. ढोल्याची आत्या तयार आहे."

"ती कुणासाठीही तयार असते," ढोल्याने माहिती पुरवली.

या पोरीला प्लंबरने खांद्यावर बसवून गावभर फिरवलं होतं. आणि तिच्या खांद्यावर आता ढोल्याच्या आत्याचा हात? त्याने हत्यारांची पिशवी उचलली. वर्ग मागोमाग निघाला. जगण्यात कसं उतरतं ते कुणालाच चुकवायचं नव्हतं.

इलेक्ट्रिशियनने दार उघडलं.

"भावजी," प्लंबर म्हणाला, "मी तुम्हाला क्षमा करायला आलोय."

"अरे वा. मी तर तुला केव्हाच करून टाकली."

"मला? मला कशाबद्दल?"

"पंख्याबद्दल! अख्ख्या गल्लीला वाटतं वायरिंग माझं आहे. लोक मला विचारतात, वारा हवा असेल तर बेल कुणाची दाबायची?"

प्लंबर क्षमा करायच्या तयारीने आला होता. मागायची काही तयारी नव्हती. "चुकलं," तो पायपुसण्याकडे बघत म्हणाला.

"माझंही," इलेक्ट्रिशियन दाराच्या कडीला म्हणाला.

"पायपुसण्याशी बोलून झालं असेल तर आत या," आतून बहीण ओरडली. "बादली भरत आलीय!"

प्लंबर सिंकखाली शिरला. इलेक्ट्रिशियन एका हाताने टॉर्च धरून, दुसरा मेहुण्याच्या खांद्यावर टेकून वाकला. उजेड सांध्यावर पडला. पाण्याच्या पाइपला भावजींनी वायरला लावायची काळी टेप गुंडाळली होती. चांगली प्रेमाने, आणि वर दोरीची गाठ.

प्लंबरच्या तोंडात असं वाक्य आलं की ते गल्लीत वर्षभर पुरलं असतं. त्याने मान वळवली. दारात अख्खा वर्ग गुडघ्यांवर बसून बघत होता, आणि सगळ्यांत पुढे भाची.

"काय रे, काय बिघडलंय?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

प्लंबरने वाक्य गिळलं. पान्याएवढं होतं, पण गिळलं.

"काही नाही भावजी. वॉशर गेलाय."

"सर," वकील कुजबुजला, "पण हे तर खोटं..."

"शनिवारी फादरकडे पाप म्हणून कबूल करीन," सिंकखालून आवाज आला. "पक्कड दे."

पक्कड भाचीने दिली. "घे, मामा," ती म्हणाली. "आणि रविवारी हात धुऊन ये."