दूध राखणारा प्रधान

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या देशात जाऊन मी स्वतः पंप दुरुस्त करून आलोय," गॅसशेजारच्या स्टुलावर बैठक मारत म्हातारा म्हणाला.

जन्मभर पंपांत हात काळे केलेल्या या मेकॅनिकचा तो देश दर खेपेला दिशा बदलत असे. आज तो डोंगरापलीकडे होता. तरी सुनेने पेन्सिल उचलली. कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी ती कधी नव्हतीच अशी राज्यं रंगवायची. यंदाचं राज्य तिने खऱ्या देशांकडून उसनवारी करून उभं केलं होतं, मुकुट एकाचा, घुमट दुसऱ्याचा. साहेबांनी चित्रं परत पाठवली, सोबत चिठ्ठी: ही माणसं घरी गेल्यावर काय करतात? संध्याकाळपर्यंत उत्तर दे, नाहीतर काम दुसऱ्याला.

"मग बाबा, काय करतात हो ती घरी?"

"तिथे मोडलेलं काही टाकत नाहीत, सूनबाई. त्याला हुद्दा देतात. कान तुटलेला कप असला, की तो सुया सांभाळणार."

सुनेची नजर फळीवर गेली. तिथल्या बिनकानाच्या कपात सुया होत्या. ती गालातल्या गालात हसली. "आणि राजा?"

"राजा कसला! राणी. दरबारात पाठ करून बसते, तोंड चुलीकडे. कुणी थाप मारली की पाठीनेच ओळखते. माझी तर बोबडीच वळली!"

ओट्याशी पाठमोरी सासू कांदा चिरत होती. सुरी क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली.

"आणि माणूसच मोडला तर?" सून विचारून बसली आणि तिने जीभ चावली. गेल्या हिवाळ्यापासून म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. पाना नटावर बसेना, तेव्हा हत्यारांची पिशवी खिळ्याला गेली. तेव्हापासून रोज सकाळी सासू त्याला दुधाकडे लक्ष ठेवायला इथे बसवायची.

म्हातारा मात्र आणखीच खुलला. "त्याला तर सगळ्यांत मोठा हुद्दा! हात थरथरायला लागले की दूध राखायचं. प्रधानच म्हण ना! त्याच्यासमोर उतू जायची दुधाची काय बिशाद!"

"वाईट नाही वाटत त्याला?"

"छे गं! हात गेले म्हणून बसवलंय, हे त्या खुळ्याला कुठे ठाऊक? राणी मोठी हुशार. त्याला पत्ताच लागू दिलेला नाही."

पातेल्यात साय फुगून वर येऊ लागली. म्हाताऱ्याचा हात बटणाकडे गेला, चुकला, पुन्हा गेला. सून उठणार होती, पण सासू जागची हलली नाही म्हणून तीही बसून राहिली. ज्योत बारीक झाली. साय काठाशी येऊन खाली बसली.

"खोटं," पाठ न वळवता सासू म्हणाली. "पहिल्या दिवसापासून कळतंय त्याला."