शेवटच्या वळणावरचा शंकू

मी बोलतोय, शेवटच्या वळणावरचा नारिंगी शंकू. हसू नका. मला पाडलं की दोन सेकंदांचा दंड बसतो, म्हणून भलेभले गाडीवाले मला वचकून असतात.

साच्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, हमरस्त्यावर रुबाबात उभं राहावं. नशिबी आला हौशी गाडीवाल्यांचा क्लब. महिन्यातल्या एका रविवारी ही मंडळी बंद कारखान्याच्या आवारात जमतात, आम्हा साठ शंकूंची नागमोडी वाट मांडतात आणि एकेक जण घड्याळाशी शर्यत लावतो. बक्षीस एक कप, तोही फिरता. चेहरे मात्र असे, जणू राज्य पणाला लागलंय. मला उडवणारा कधी स्वतःला दोष देत नाही. टायर, ऊन, बायकोचा फोन, काहीही चालतं.

आमच्याभोवती खडूची चौकट आखतात. धक्का लागूनही शंकू उभा राहिला आणि त्याचं बूड रेषेला टेकलेलं असलं, तर दंड माफ. आणि ज्याची फेरी नसेल, त्याने झेंडा घेऊन शंकू राखायचे; दंड असेल तर झेंडा उचलायचा.

त्या रविवारी माझ्याजवळ काकांची लेक उभी होती. काका म्हणजे तीस वर्षं रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. नातीला रोज शाळेत तेच सोडायचे. महिन्यापूर्वी नात मागे बसलेली असताना त्यांनी स्वतःच्याच घराचं फाटक घासलं, तेव्हापासून लेकीने डोळे तपासून घ्यायचा धोशा लावला होता. काका कसले ऐकतात! शेवटी बापलेकीत ठरलं: तीन फेऱ्या. एकदाही दंड बसला तर किल्ली लेकीकडे. नाही बसला तर डोळ्यांचं नाव काढायचं नाही.

शर्यतीआधी वाट पायी बघून घ्यायची मुभा असते. बाकीचे एकदा फिरले, काका सहादा. ते पुटपुटत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

पहिली फेरी निर्दोष. दुसरीही. लेकीचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग क्लबातल्या एका शिंप्याने मला असं उडवलं की मी चार कोलांट्या खाल्ल्या. चौकटही टायरखाली पुसली गेली. लेकीने मला उचलून आणलं आणि घाईघाईत नवी चौकट आखली. ती हातभर आत सरकली. त्यानंतर चार गाड्या गेल्या. सगळ्यांना मी समोर दिसत होतो, सगळे वळसा घालून गेले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

पाचवी गाडी काकांची.

ती सरळ माझ्या अंगावर आली. ना ब्रेक लागला, ना चाक तसूभर वळलं. बंपर घासला, मी गिरकी घेतली, डुगडुगलो आणि उभाच राहिलो.

लेक धावत आली. गुडघे टेकून तिने बघितलं. माझं बूड रेषेला जेमतेम बोटभर टेकलं होतं. तिचा हात झेंड्यावर आवळला होता आणि सगळं आवार तिच्याकडे बघत होतं. नियम तो नियम. तिने झेंडा उचलला नाही. टाळ्या पडल्या. तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. गाडी जवळून जाताना तिने काचेतून बापाचे डोळे पाहिले होते.

काका चालत आले. लेक म्हणाली, "बाबा, रेषेला टेकलाय. तुम्ही जिंकलात."

काकांनी वाकून माझ्यावर हात ठेवला. "हा इथे कधी आला?"

"मघाशीच. माझ्याकडून जरा आत आखला गेला."

काका सावकाश सरळ झाले. "मला दिसलाच नाही गं. सकाळपासून मी पावलांच्या हिशेबाने वळतोय." मग त्यांनी किल्ली पुढे केली. "शाळेपुढची पोरं काही एका जागी उभी राहत नाहीत."

लेकीने किल्ली लगेच घेतली नाही. मग घेतली, आणि बापाचा हात धरून त्यांना सावलीत नेलं.

आता माझं बूड चिरलंय, रंग विटलाय, येत्या महिन्यात बहुधा भंगारात जाईन. जाता जाता एवढंच सांगतो, मला हात असते तर जोडून सांगितलं असतं. गाडी चालवताना मी दिसलो नाही, तर घरी तसं कबूल करा. मी आडवा झालो तर कुणीही उचलून पुन्हा उभा करतं.